दिवसा झोपणाऱ्यांचं गाव

२०२६ साली शुक्रवारी, १३ मार्चला, जागतिक निद्रा दिन झाला. गादीवाल्यांनी सवलती दिल्या, वाहिन्यांवर डॉक्टरांच्या मुलाखती झाल्या आणि दरवर्षीचा उपदेश तेव्हाही कानावर पडला. रात्री दहाला दिवे मालवा, मोबाइल लांब ठेवा, खोलीत काळोख आणि शांतता राखा, सात-आठ तास झोपा. उपदेशात खोट काही नाही. फक्त तो एकदा भिवंडीच्या निजामपुऱ्यात जाऊन वाचून दाखवावा. भिवंडीत यंत्रमागांना सुट्टी शुक्रवारीच असते. त्यामुळे निद्रा दिनी इथली बरीच माणसं खरोखरच झोपली असतील, पण त्यात दिनविशेषाचा काही हात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर गेली. त्यावर वाद झाला तो गुंतवणुकीचा, ओव्हरटाइमच्या दराचा आणि कामगाराच्या लेखी संमतीचा. झोप हा शब्द कुणी काढल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. यंत्रमागवाल्यांना या बातमीत नवं काहीच नव्हतं. आठ ते आठ ही त्यांची जुनीच पाळी आहे, आणि लहान गाळे तर कारखाना कायद्याच्या कक्षेतही येत नाहीत. १२ तासांचा प्रयोग सरकारला आता करायचा आहे, भिवंडीत तो पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्याच्या नोंदी तेवढ्या कुणी ठेवल्या नाहीत.

शहराच्या महापालिकेच्या नावातच भिवंडीच्या जोडीला निजामपूर आहे. त्याच निजामपुऱ्यातल्या एखाद्या गाळ्यात शिरलं की खडखडाटाने कान बधिर होतात. शेजारचा माणूस बोलतोय हे त्याच्या ओठांवरून कळतं. साध्या मागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, मिनिटाला शंभराहून जास्त फेऱ्या मारतो. धाग्याची कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की माग थांबवून जोडायचा, तोवर पलीकडचा माग बोंब मारतो. एका माणसाच्या अंगावर सहा-आठ माग असतात आणि मजुरी मीटरवर, म्हणजे माग थांबला की कमाई थांबली. सकाळी आठला पाळी सुटते, बिस्सीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत, जेवण होतं आणि मग खोली. खोली पाच-सहा जणांत मिळून. रात्रपाळीवाला येतो तेव्हा दिवसपाळीवाला नुकताच उठून गेलेला असतो. त्याच चटईवर याने आडवं व्हायचं, खाली किंवा भिंतीपलीकडे माग चालूच. कुठे आठवड्याने, कुठे पंधरवड्याने दोघांची अदलाबदल होते.

याबद्दल विचारलं की मालक काय, मुकादम काय, कामगार काय, सगळ्यांचं उत्तर एकच असतं: सवय होते. या दोन शब्दांशीच माझं भांडण आहे.

सवय होते का, हे तपासायला नॅथॅनियल क्लाइटमन नावाचा शिकागोचा प्राध्यापक १९३८ साली केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत जाऊन राहिला होता. माणूस विलक्षण. झोप हा अभ्यासाचा विषय असू शकतो हेच तेव्हा कुणाला पटत नव्हतं, आणि याने आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. सोबत ब्रूस रिचर्डसन हा तरुण विद्यार्थी. जमिनीच्या पोटात ना सूर्य ना चंद्र, बाराही महिने सारखाच गारठा. उंदीर आणि किडे वर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय डब्यांत उभे केलेले. तिथे या दोघांनी २८ तासांचा दिवस पाळायचं ठरवलं: ९ तास झोप, १९ तास जाग. आपला सात दिवसांचा आठवडा त्यांना सहा दिवसांचा. अधूनमधून अंगाचं तापमान मोजायचं, कारण ते दिवसात ठरावीक वेळी चढतं आणि पहाटे तळाला जातं. आतलं घड्याळ कुठे आहे हे त्यावरून कळतं.

३२ दिवसांनी दोघं दाढी वाढवून बाहेर आले. विशीतल्या रिचर्डसनचं तापमान आठवडाभरात २८ तासांच्या चालीला लागलं होतं. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनचं मात्र शेवटपर्यंत २४ तासांनाच चिकटून राहिलं. बाहेर शिकागोत रात्र झाली की याला गुहेत झोप यायची, मग वेळापत्रक काहीही म्हणो. ‘तरण्या पोरांना जमतं’ असं म्हणणाऱ्या मालकांना हा निकाल आवडेल. पण गोष्ट तिथे संपत नाही. हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांनी हाच २८ तासांचा दिवस पुढे पुन्हा करून पाहिला, या वेळी दिवे अगदी मंद ठेवून. १९९९ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष असा की तरुण असो वा म्हातारा, माणसाच्या आतलं घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं असतं आणि ते हटत नाही. त्याला हलवतो तो प्रामुख्याने उजेड.

निजामपुऱ्यातल्या माणसाचा घात नेमका इथे होतो. सकाळी आठला गाळ्यातून बाहेर पडलं की डोळ्यात ऊन जातं. मेंदूच्या तळाशी जेमतेम वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे, तेच हे आतलं घड्याळ. त्याला तो उजेड सांगतो की उजाडलं, आता जागं व्हायचं. रात्रभर कामाची चाल अंगात भिनवायची आणि घरी जाताना दहा मिनिटांच्या उन्हाने ती पुसून टाकायची. म्हणून रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप साधारण एक ते चार तासांनी तोकडी पडते, हे जगभर दिसलं आहे. माणूस थकलेला नसतो असं नाही, त्याचं घड्याळ त्याला उठवतं. रमजानात चित्र थोडं बदलतं: तरावीह, बाजार, सेहरी, अख्खा मोहल्ला रात्री जागा. रात्रपाळीवाल्याला निदान महिनाभर तरी सोबत असते.

झोप किती तासांची हा झाला एक भाग. ती कोणत्या वेळी मिळते याला स्वप्नांच्या हिशेबात फार महत्त्व आहे. क्लाइटमनच्याच प्रयोगशाळेत यूजीन असेरिन्स्की हा विद्यार्थी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती तारा चिकटवून रात्र-रात्र बसला. झोपलेल्या मुलाचे डोळे पापण्यांखाली भरभर फिरतात, असं त्याला दिसलं. १९५३ साली दोघांनी ते प्रसिद्ध केलं. स्वप्नांची ही झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरात दाटते, कारण ती तापमानाच्या तळाशी बांधलेली आहे. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्या आज्या म्हणत. खरं होतं की नाही ते सोडा, पण पहाटेला स्वप्नं जास्त पडतात आणि तेव्हाच जाग आल्याने ती आठवतात, एवढं मात्र खरं. रात्रपाळीवाल्याची ती पहाट मागापुढे उभ्याने जाते.

मग तो सकाळी पडतो तेव्हा स्वप्नझोप वाट न पाहता लवकर घुसते. या झोपेत शरीराचे स्नायू मेंदूच मुद्दाम ढिले करतो, नाहीतर आपण स्वप्नातली मारामारी प्रत्यक्षात केली असती. घोटाळा होतो तो जाग आणि ही झोप एकमेकींत अडकल्यावर. डोळे उघडे, खोली दिसतेय, हात हलत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय, दाराशी कुणी उभं आहे. जपानपासून न्यूफाउंडलंडपर्यंत प्रत्येक मुलखाने यासाठी आपापलं भूत निर्माण केलंय. पाळ्या बदलणाऱ्यांत आणि तुटक झोपणाऱ्यांत हे जास्त आढळतं. यासाठी ताईत बांधून घेणाऱ्याला मी हसणार नाही. मात्र त्याला कुणीतरी एकदा सांगायला हवं की हा झोपेचा पेच आहे, मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो, जीव जात नाही. एवढं ऐकून निम्मी भीती जाते.

मागावरच्या माणसाला डोळा लागता लागता धोटा दिसत राहतो, त्याचंही उत्तर आहे. झोपेचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी २००० साली लोकांना टेट्रिस हा खेळ खेळायला लावला. झोपेच्या उंबरठ्यावर त्यांना वरून पडणारे ठोकळे दिसू लागले. नवी आठवण साठवण्याची शक्तीच गेलेल्या रुग्णांनाही ते दिसले, खेळल्याचं आठवत नसताना! १२ तास डोळ्यांपुढे पळणारा धोटा आडवं झाल्यावर लगेच थांबेल, ही अपेक्षाच चुकीची.

आवाजाबद्दल फार लिहीत नाही. झोपलेला मेंदू सतत चालणारा खडखडाट मागे टाकतो, पण स्वतःच्या नावाची हाक ओळखतो, हे १९६० सालीच दाखवलं गेलंय. आवाजात झोप लागते. तो कानाला मात्र सोडत नाही.

धोका मागापुढच्या पेंगेचा आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात मद्याचे एक-दोन पेले घेतलेल्या माणसाइतका चुकतो, हे १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी मोजलं. दुपारी एकला उठून रात्री आठच्या पाळीला गेलेला माणूस पहाटे सहाला हा आकडा गाठतो. पाळी सुटायला अजून दोन तास असतात.

उपाय नाहीत असंही नाही. झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या युटा राज्यात एका खनिज कारखान्याची पाळी बदलली: सकाळ, दुपार, रात्र या सरळ क्रमाने, आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी. कामगार खूश झाले, उत्पादनही वाढलं. पण हा उपाय तीन पाळ्या असतील तरच चालतो. १२ तासांच्या दोनच पाळ्या असल्या की बदल थेट उलटा होतो. मुंबईचं शरीर एका रात्रीत कॅलिफोर्नियाच्या वेळेवर न्यायचं, आणि सूर्य मात्र भिवंडीचाच. सरकार नेमकी हीच पद्धत आता मोठ्या कारखान्यांना खुली करून देत आहे. लेखी संमतीने घड्याळ फिरत नाही.

ईडीने एका ज्येष्ठ नागरिकाची रात्रभर चौकशी केली तेव्हा, एप्रिल २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं होतं की झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती हिरावणं म्हणजे त्याच्या मानवी हक्काचा भंग. चौकशीला बोलावलेल्या माणसाला हे संरक्षण मिळालं, ते योग्यच झालं. मागावरच्या माणसाची गणना या हक्कात कोण करणार? कामगार खात्याला यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. निजामपुऱ्यातल्या शंभर गाळ्यांत महिनाभर एक वही ठेवावी: कधी झोपला, कधी उठला, किती वेळा दचकला, काय लागलं-कापलं. १२ तासांचे नियम त्यानंतर लिहावेत.