बिरड्याची वाटी आणि प्रथिनांचा हिशोब

हल्ली आपल्या घरांत प्रोटीन पावडरचे डबे दिसू लागले आहेत. नातू जिमसाठी घेतो, अशक्तपणा वाटतो म्हणून आजोबाही घेतात. काही जण तर रात्रीच्या जेवणाऐवजी पावडरच पितात. यात काय चुकते ते पाहू.

सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३०च्या दशकात लंडनच्या कॅमडेन भागातील युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले. पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले. गरीब देशांत प्रथिनांचीच टंचाई आहे, असे तेव्हा जगभर मानले जाई. सुखात्मे यांनी १९७० साली भारतातील आहाराचे आकडे तपासून दाखवले की, उणीव मुख्यतः एकूण अन्नाची आहे. कॅमडेनमधीलच स्कूल ऑफ हायजीनचे वॉटरलो आणि पेन हे संशोधकही १९७५ साली याच मताला आले.

याचे कारण सोपे आहे. पोटात पुरेसे अन्न नसले, की शरीर प्रथिनेच जाळून ऊर्जा मिळवते. घराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसे हे आहे. म्हणून जेवण सोडून घेतलेली पावडर अंगी लागत नाही.

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. ५० ग्रॅम कोरड्या वालांचे बिरडे १२ ग्रॅम देते, माशाचा १०० ग्रॅमचा तुकडा २०, दोन अंडी १२ आणि ताटभर भात ५. झाला हिशोब पुरा! भातात जे लायसिन कमी असते ते वालात भरपूर असते. वालात जे कमी ते भात पुरवतो. बिरड्याचा रोजा पाळणाऱ्या आपल्या आजींनी ही जोडी केव्हाच जमवली होती.

पासष्टीनंतर स्नायू झिजतात. म्हणून अनेक तज्ज्ञ वृद्धांना दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. पण नुसते खाऊन स्नायू बळकट होत नाहीत, त्यांना कामही द्यावे लागते. रोज चालावे, आणि आठवड्यातून दोनदा तरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. जादा प्रथिने खाऊन बसून राहिलो, तर त्यांचा स्नायूंना फारसा उपयोग होत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत. बाकीच्यांनी डबा विकत घेण्याआधी आपले ताट एकदा मोजून पाहावे.