‘औषध गरम पडले’ : एका प्रयोगाची अतिव्याप्ती

हिंगोली जिल्ह्यातच नव्हे, अवघ्या मराठी प्रदेशात ‘औषध गरम पडले’ हा प्रयोग रूढ आहे. पोटातील जळजळ, अंगावरील पुरळ, लघवीचा पालटलेला रंग ही सारी त्याच्या पोटात सामावतात. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचार ६ किंवा १२ महिने चालतो. तेथे ही अतिव्याप्ती घातक ठरते. रिफाम्पिसिनने लघवी तांबूस होते; क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते व उपचार संपल्यावर सावकाश पूर्ववत होते. हे निव्वळ दुष्परिणाम होत. त्यांसाठी औषध टाकणे अनाठायी. उलट, डॅप्सोन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ व कावीळ उद्भवल्यास ती ॲलर्जी असू शकते. अशा वेळी पुढील गोळी न घेता तत्काळ डॉक्टरांस गाठणे प्राप्त असते. ‘ताक घेतले की उतरेल’ हा भरवसा तेथे जिवावर बेततो.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडविला. ‘अधिहर्षता’ हा त्याचा मराठी प्रतिशब्द कोशातच राहिला, आणि ते स्वाभाविकच होय. तथापि आरोग्यसेवकाने ‘गरम पडले काय?’ एवढेच विचारू नये. काय दिसले, केव्हापासून, ताप आहे काय, डोळे पिवळे झाले काय, हे वेगवेगळे विचारावे.