यंत्रांचा आखाडा

कुस्तीत पाठ मातीला लागली की निकाल लागतो. सुमोत प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर लोटले तरी पुरते. जपानमध्ये 1990च्या सुमारास यंत्रमानवांच्या सुमो स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे जगभर पसरल्या. नवशिक्याला त्यातला मिनी गट बरा. यंत्र 10 बाय 10 सेंटिमीटरच्या चौकोनात मावायला हवे, वजन 500 ग्रॅमपर्यंत. उंचीला बंधन नाही. आखाडा 77 सेंटिमीटर व्यासाचा, काळा, कडेला अडीच सेंटिमीटरचा पांढरा पट्टा. सुरू केल्यावर यंत्राने 5 सेकंद थांबायचे, पुढचे सारे निर्णय त्याचे त्यानेच घ्यायचे.

कळमेश्वरला माझ्याकडे शिकायला येणारी मुले पहिला प्रश्न मोटारीचा विचारतात. नागपूरहून दांडगी मोटार आणायची म्हणतात आणि साठवलेले पैसे तिथेच संपतात. मी आधी टायर दाखवतो. 500 ग्रॅमच्या यंत्राचा जमिनीवरचा भार सुमारे 4.9 न्यूटन. घर्षणांक 0.6 धरला, तर ढकलण्याचा जोर 3 न्यूटनच्या आसपास अडतो. त्यापुढे मोटार कितीही जोरकस असो, चाके जागीच फिरतात. संत्र्यांची ट्रॉली ओढताना चिखलात रुतलेला ट्रॅक्टर आमच्या भागात साऱ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे हे लगेच पटते. मऊ सिलिकॉनचे टायर घ्यावेत आणि झुंजीआधी त्यांवरची धूळ पुसावी.

पुढच्या पातळ, उतरत्या पात्याचे कामही भाराचेच. समोरच्याचे नाक त्यावर चढून 100 ग्रॅमचा भार आपल्या चाकांवर आला, की त्याच घर्षणांकाने आपला जोर 3.5 न्यूटन होतो, त्याचा 2.4 उरतो. पाते मात्र जमिनीवर रेलता कामा नये. नाहीतर तो भार चाकांऐवजी पात्यावरच जातो.

आज्ञावलीत काठाची तपासणी सगळ्यात आधी हवी, प्रतिस्पर्ध्याचा शोध त्यानंतर. समोर शत्रू दिसत असला तरी पांढरा पट्टा लागताच मागे फिरायचे. पट्टा ओळखणारे संवेदक अवरक्त किरण सोडतात. पांढऱ्यावरून ते जास्त परततात, काळ्यावरून कमी. पण उन्हातही अवरक्त किरण असतात. ट्यूबलाइटखाली हुशार वाटणारे यंत्र खिडकीजवळ बावचळते ते यामुळे. संवेदकाभोवती काळ्या कागदाची आडोशी लावावी, आणि काळ्या-पांढऱ्यातली सीमा ठरवणारा आकडा स्पर्धेच्या जागीच मोजून भरावा. आमच्या चाचण्या म्हणूनच भर दुपारी, उघड्या दारात होतात.