गोष्टीतल्या मुलीचा प्रश्न

रात्रीची जेवणं उरकली, गुरांना वैरण टाकली, की घरात घडीभर निवांतपणा मिळतो. त्या वेळी कोणी तरी गोष्ट वाचतं, बाकीचे ऐकतात. ऐकता ऐकता आजी म्हणते, "पोरीनं असं करायला नको होतं." सून गप्प राहते. कॉलेजात जाणारी नात विचारते, "का नको?" गोष्ट तिथं संपते आणि घरातलं बोलणं सुरू होतं.

माणसाचं मन एकीकडे ओढतं. घर, भावकी आणि गाव दुसरीकडे. या ओढाताणीवर मराठी कथेनं पुष्कळ लिहिलं आहे. तसं लिहिणाऱ्या दोघांची आज ओळख करून घेऊ. एक लेखिका आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरची, एक लेखक आपल्याच जिल्ह्यातला.

नगरहून पुण्याला जाताना घोड नदी ओलांडली की शिरूर लागतं. नदीवरून त्या गावालाही घोडनदीच म्हणतात. तिथं १९०५ साली बाळूताई खरे जन्मल्या. वडील सुधारकी विचारांचे शिक्षक. आईनं पंचवीस वर्षं दूधदुभत्याचा धंदा सांभाळला. बाळूताई महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९३३ साली त्यांचा 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. पुस्तकावर नाव मात्र होतं विभावरी शिरूरकर. विभावरी म्हणजे रात्र. त्या नावातलं शिरूर तेवढं खरं, बाकी सगळं पांघरूण.

हे पांघरूण का लागलं? त्या गोष्टी होत्या शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाविना राहिलेल्या मुलींच्या. त्यांच्या मनातलं एका बाईनं उघड लिहावं, हे तेव्हाच्या समाजाला सोसलं नाही. मोठी खळबळ माजली. ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. गोष्टीतल्या मुलींनाच नव्हे, त्यांची गोष्ट सांगणारीलाही मोकळीक नव्हती.

त्यातल्या एका कथेचं नावच प्रश्न आहे: 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' मिळवती मुलगी, तिच्या कमाईवर टेकलेलं बापाचं घर आणि स्वतःचा संसार असावा ही तिची इच्छा, असा हा पेच आहे. अशा पेचात कोणी दुष्ट नसतो. बाप मारत नाही, आई कोंडून ठेवत नाही. मुलीला बांधून ठेवते ती माया. "आमची पोर फार गुणाची," हे कौतुकाचे शब्दच दावं होतात. आणि मायेचं दावं तोडणं साखळी तोडण्यापेक्षा अवघड.

दुसरे लेखक दया पवार, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या गोष्टीतलं बंधन मायेचं नाही. ते जातीचं आहे, गावानं जन्माबरोबर गळ्यात घातलेलं. त्यांचं 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ साली आलं आणि 'विटाळ' हा कथासंग्रह १९८३ साली. बलुतं म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. सुगीला खळ्यावरून जो वाटा जायचा, तो देणाऱ्याला आपला उदारपणा वाटे. घेणाऱ्याला त्यात आपलं सारं आयुष्य दुसऱ्यांनी ठरवून टाकलेलं दिसे. खळं तेच, पण उभं राहायची जागा बदलली की गोष्ट बदलते.

शिरूरच्या बाईंना लिहिण्यासाठी आपलं नाव झाकावं लागलं. दया पवारांनी उलट केलं. त्यांचं जन्मनाव दगडू. 'बलुतं'मध्ये हा दगडूच शिकल्यासवरल्या दया पवारांना आपली कहाणी सांगतो. मागं टाकलेलं नाव त्यांनी पुढं आणून बसवलं. वाटा दोन, पण दोघांचीही मागणी एकच: माझं आयुष्य मला विचारून ठरवा.

आता आपल्या ओट्यावर येऊ. २००५ सालच्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. महाराष्ट्रानं तर १९९४ सालीच त्या दिशेनं पाऊल टाकलं होतं. तरी बापामागं बहिणीला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत घरोघर आहे. बहीण सही करते. खुशीनं करते का? काही जणी करत असतीलही. पण कित्येकींच्या मनात एकच भीती असते, की सही केली नाही तर माहेर तुटेल. भाऊबीजेला कोण बोलावणार, लेकराच्या लग्नाला मामा उभा राहणार का? कायद्यानं दिलेलं तिनं मायेपायी सोडलं, असं आपण म्हणतो. माया की धास्ती, हे मात्र तिला कोणी विचारत नाही.

कायदा हक्क सांगतो. सही करताना तिच्या मनात काय कालवाकालव झाली, ते गोष्टच सांगू शकते. म्हणून अशी गोष्ट वाचून झाली की "गोष्टीतच असं असतं," म्हणून पान मिटू नका. आजीचं ऐका, नातीचंही ऐका. गप्प बसलेल्या सुनेला तर आवर्जून विचारा.

आणि बहिणीला तालुक्याला बोलवाल, तेव्हा कागद पुढं करण्याआधी तिला चहा द्या, शेजारी बसा आणि विचारा, "ताई, तुझ्या मनात काय आहे?" ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्या. सहीचं मग पाहू.