गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि माझा ग्राफ खाली आला

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. तुम्ही ती करू नये, म्हणून हा लेख.

माझा विषय आहे वापरलेल्या तेलावरून यंत्राची झीज ओळखणं. नमुने येतात शहर बसच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून. एका बसच्या तेलात लोहाचं प्रमाण तीन महिने वाढत होतं, चौथ्या महिन्यात ते अचानक निम्म्याच्याही खाली आलं. मी अहवालात लिहून टाकलं, ‘झीज कमी झाली’. सरांनी एकच प्रश्न विचारला, “मधे तेल बदललं होतं का?”

मला माहीतच नव्हतं! दुसऱ्या दिवशी थेट डेपोत गेले आणि मिस्त्रीकाकांच्या शेजारी पिटमध्ये उभी राहिले.

तेल बदलतात म्हणजे काय करतात?

गाडी सपाट जागेवर, चाकांना ओट लावलेली. तेल कोमट असतानाच ड्रेन प्लग काढतात. गार तेल घट्ट असतं, नीट वाहत नाही आणि गाळ तळाशीच राहतो. मग जुना फिल्टर काढून नवा बसवतात. नव्या ओ-रिंगला तेच तेल बोटाने लावतात, नाहीतर ती कोरडी घासून फाटते. तेल आधी थोडं कमीच भरतात, इंजिन चालू करून गरम होऊ देतात आणि मगच डिपस्टिकवर पातळी बघतात. गरम तेल प्रसरण पावतं, म्हणून थंड असताना पाहिलेली पातळी फसवते.

आता मुद्द्याची गोष्ट. प्लग काढला तरी सगळं तेल खाली येत नाही. टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि पाइपमधलं बरंचसं आतच राहतं.

समजा, 60 टक्के तेल निघालं आणि जुन्या तेलात लोह 60 पीपीएम होतं. उरलेल्या 40 टक्क्यांत नवं तेल मिसळलं, की आकडा होतो 60 × 0.4 = 24 पीपीएम. गिअर आहेत तसेच आहेत, झीजही तेवढीच आहे. फक्त ग्राफ खाली आला. मधेमधे टॉप-अप केलेलं तेलही असंच आकडा पातळ करतं.

फिल्टर फेकू नका

आमच्या स्पेक्ट्रोमीटरला साधारण 8–10 मायक्रॉनपेक्षा मोठे कण नीट दिसत नाहीत. ते पूर्ण जळतच नाहीत. पण बेअरिंग खरोखर तुटायला लागतं तेव्हा मोठे कण निघतात, आणि त्यातले बरेच फिल्टरमध्ये अडकतात. म्हणजे तेलाचा रिपोर्ट छान आणि गिअरबॉक्स मरणाच्या दारात, असंही होऊ शकतं. काकांनी जुना फिल्टर कापून घडी उलगडली आणि चुंबक फिरवला. त्याला चिकटलेले चमकदार तुकडे माझ्या कोणत्याच तक्त्यात नव्हते. त्या बसचं काम लगेच काढलं.

उलटही होतं. तांबं वाढलं म्हणजे बुश झिजलाच असं नाही; कूलरमधूनही तांबं तेलात उतरतं. सिलिकॉन वाढलं तर ती धूळ असेल किंवा सीलंट. माझ्या सुरुवातीच्या काही नमुन्यांत ती चक्क ट्रेमधली धूळ होती, कारण मी तेल ट्रेमधून भरून घेत होते. ते नमुने बाद करावे लागले. आता पहिली धार सोडून मधल्या धारेचं तेल थेट स्वच्छ बाटलीत घेते.

तुमच्यासाठी

प्रत्येक नमुन्याबरोबर आता मी चार गोष्टी लिहिते: गाडीचे एकूण किलोमीटर, तेल बदलल्यापासूनचे किलोमीटर, किती लिटर टॉप-अप झालं, फिल्टर कधी बदलला. या नोंदी नसतील तर पीपीएमचा आकडा नुसता आकडाच.

तुमचा विषय माती असेल, रक्त असेल नाहीतर नदीचं पाणी. प्रश्न तेच राहतात. नमुना माझ्या हातात येण्याआधी त्याचं काय काय झालं? आणि माझं उपकरण काय बघूच शकत नाही? उत्तर प्रयोगशाळेत बसून मिळत नसेल, तर खुशाल पिटमध्ये उतरा. कपडे मात्र जुने घाला.