हाडाला हवी रक्ताची वाट

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

हाड मोडलं की प्लास्टर घालायचं आणि दीड-दोन महिने वाट पाहायची, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही नवल वाटत नाही. खरं तर ते नवलच आहे. कातडी खोल कापली गेली तर व्रण राहतो. नीट जुळलेल्या हाडात मात्र पुष्कळदा जुन्या मोडीची खूणही उरत नाही. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, तो हळूहळू कठीण होतो आणि पुढे कित्येक महिने त्याला मूळचा आकार येत राहतो.

या दुरुस्तीला मर्यादा आहे. अपघातात नडगीचा चार-पाच सेंटिमीटरचा तुकडाच नाहीसा झाला, किंवा गाठीबरोबर हाडही काढावं लागलं, तर उरलेली दोन टोकं आपण होऊन जुळत नाहीत. अशा वेळी प्रश्न पाय वाचवण्याचा असतो. ही पोकळी भरायची कशानं?

जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचे तुकडे काढून तिथे भरणं. पण असं हाड मिळतं थोडंच आणि त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. काही रुग्णांना मूळ दुखण्यापेक्षा हीच जखम जास्त दिवस सतावते. म्हणून बाहेरच्या पदार्थाचा शोध सुरू झाला.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात लॅरी हेंच नावाचे काचेचे अभ्यासक होते. १९६७ साली प्रवासात त्यांची व्हिएतनाम युद्धावरून परतलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याशी गाठ पडली. शरीर धातू आणि प्लॅस्टिक स्वीकारत नाही, त्यामुळे जखमी सैनिकांचे हातपाय कापावे लागतात. शरीर स्वीकारेल असं काही बनवता येईल का, असं त्यानं विचारलं. हेंच यांनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस यांची एक काच तयार केली आणि १९६९ साली ती उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवण्यात आली. काही आठवड्यांनी ती हाडाला अशी चिकटली की सुटेना. तोवर शरीर परक्या वस्तूभोवती पापुद्रा तयार करून तिला वेगळं ठेवतं, हाच अनुभव होता.

आता हाडातल्या खनिजाशी नातं सांगणारे कॅल्शियम फॉस्फेटचे पदार्थही वापरात आहेत. या पदार्थांचा सच्छिद्र ठोकळा पोकळीत बसवायचा, त्याच्या आधारानं पेशींनी नवं हाड बांधायचं, अशी ही कल्पना आहे. इमारतीच्या परांचीसारखीच ही परांची. फरक इतकाच, की ती गवंड्याला सोडवावी लागत नाही. काम होत जाईल तशी तिनं विरघळून जावं अशी अपेक्षा असते. ती लवकर विरघळली तर मागे पोकळी राहते, उशिरा विरघळली तर नव्या हाडाला तीच आडवी येते.

पण खरी अडचण रक्ताची आहे. प्राणवायूसाठी जिवंत पेशीला केशवाहिनी जवळ लागते. एक-दोन केसांच्या जाडीपेक्षा फार लांब नाही. म्हणून परांचीतली छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत. ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान असून चालत नाहीत. त्याच्या तिप्पट असली तर रक्तवाहिन्या चांगल्या शिरतात. मात्र छिद्रं वाढली की ताकद घटते, म्हणून शरीराचा भार पेलायला सोबत पट्टी किंवा सळई घालावीच लागते. शिवाय केशवाहिनी दिवसाला मिलिमीटरहूनही कमी वाढते. ठोकळा मोठा असेल तर रक्त पोचण्याआधीच मधल्या पेशी मरतात.

यावर तीन वाटा आहेत. पहिली, रक्तवाहिन्यांना वाढीचा इशारा देणारं प्रथिन परांचीत भरून ठेवणं. असं एक प्रथिन १९८९ साली ओळखलं गेलं. पण ते एकदम जास्त सुटलं तर गळक्या वाहिन्या तयार होतात, म्हणून ते थेंबाथेंबानं सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. ही वाट अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. दुसरी, पोटरीतलं बारीक हाड त्याच्या धमनी-शिरेसकट काढून सूक्ष्म शस्त्रक्रियेनं पोकळीत जोडणं. ऑस्ट्रेलियात १९७०च्या दशकात हे होऊ लागलं.

तिसरी वाट फ्रान्सचे शल्यविशारद मास्केले यांची. या पद्धतीत पोकळीत आधी शस्त्रक्रियेत वापरतात त्या सिमेंटचा गोळा बसवतात. सहा ते आठ आठवड्यांत शरीर सवयीप्रमाणे त्याभोवती पापुद्रा तयार करतं. हा पापुद्रा रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो. मग तो अलगद उघडून गोळा काढायचा आणि त्या पिशवीत हाडाचे तुकडे भरायचे. जो पापुद्रा हेंच यांना नको होता, तोच इथे कामाला आला.

म्हणून ‘कृत्रिम हाड’ हा शब्द ऐकला की एक लक्षात ठेवावं. बाहेरून घातलेला पदार्थ फक्त जागा धरून ठेवतो. हाड शरीरच बांधतं आणि तेही रक्त पोचेल तिथेच. हाड जुळत असताना बिडी-सिगारेट बंद करा, असं डॉक्टर बजावतात, त्याचंही एक कारण हेच आहे. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात. सर्वांत महागडी परांची बसवली आणि ही वाटच अरुंद केली, तर खर्च आणि यातना दोन्ही वाया जाऊ शकतात.