लाटा नसलेला किनारा

शनिवारी सकाळी पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळच्या चौकात भोरकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्याआधी नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावर काही गाड्या वेल्ह्याकडे वळलेल्या असतात. डिकीत चटया, बॅडमिंटनच्या रॅकेट, चिवड्याचे डबे आणि मुलांच्या हवेच्या रंगीत ट्यूब. कोकणातला समुद्र गाठायचा तर वरंधा घाट उतरून आणखी काही तास मोडतात. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी या धरणांचे पाणी मात्र शहरापासून दीड-दोन तासांवर आहे. सकाळी निघावे, दुपारी पाण्याकाठी पिठले-भाकरी आणि इंद्रायणीचा भात खावा, रात्री तंबूत झोपावे आणि रविवारी संध्याकाळी परतावे. थकलेल्या कुटुंबाला याहून स्वस्त औषध सापडणे कठीण.

या बेतात एकच गफलत होते. धरणाच्या फुगवट्याच्या काठाला लोक चौपाटी समजतात.

समुद्राला निदान बोलायची सवय आहे. लाट अंगावर येते, पाय मागे ओढते, अनोळखी माणूसही दोन पावले मागे सरतो. धरणाचे पाणी स्थिर आणि गप्प असते, म्हणून ते उथळ वाटते. शिवाय समुद्राची वाळू बहुतेक ठिकाणी हळूहळू उतरत जाते, तशी उतरण इथे नाही. भाटघरचे धरण ब्रिटिश काळात वेळवंडी नदीवर बांधले गेले आणि नदीकाठचा जुना मुलूख पाण्याखाली गेला. कांबरे गावाजवळचे महादेवाचे प्राचीन मंदिर वर्षातला बहुतेक काळ बुडालेले असते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते. मंदिर दिसते म्हणून लोक ते पाहायला जातात. बाकीचे जे बुडाले आहे, ते पाहायला कोणी जात नाही: भाताची खाचरे, त्यांचे दगडी बांध, ओढ्यांच्या घळी, विहिरी.

भोर-वेल्ह्याची शेती उतारावरची, पायऱ्यापायऱ्यांची. पाण्याखालीही त्या पायऱ्या तशाच आहेत. बांधावर उभ्या माणसाला पाणी कमरेइतके लागते. पुढचे पाऊल बांधावरून सुटले की तेच पाणी डोक्यावरून जाते. नीरेच्या कालव्यांमधून बारामती-फलटणकडे पाणी सोडले जाते तसा काठही रोज सरकतो. गेल्या महिन्यात जिथे मुले खेळली, तिथला तळ या महिन्यात वेगळा असतो. उघड्या पडलेल्या गाळावर वरून वाळलेली पापडी असते आणि खाली लोण्यासारखा चिखल. एक पाय ओढून काढायला गेले की सगळा भार दुसऱ्या पायावर येतो आणि तोही रुततो. अशा वेळी उभ्याने धडपडण्यापेक्षा मागे रेलून अंगाचा भार पसरणे आणि पाय हळूहळू सोडवणे शहाणपणाचे.

दिवेआगर किंवा हरिहरेश्वरला छान तरंगलेला माणूस इथे फसतो, त्याला भौतिकशास्त्रातले साधे कारण आहे. समुद्राचे खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या इतकी जवळ असते की तेवढ्या फरकाने बरेच काही बदलते. छाती हवेने भरलेली असताना बहुतेक लोक गोड्या पाण्यातही जेमतेम तरंगतात. श्वास सोडला की अनेकांचे शरीर खाली जाऊ लागते. घाबरलेला माणूस ओरडतो, म्हणजे नेमकी हवाच बाहेर टाकतो.

एरवी बुडणारा माणूस ओरडतही नाही. अमेरिकेतील जीवरक्षक फ्रँक पिया यांनी न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांचे निरीक्षण करून हे मांडले. तोंड पाण्याच्या वर येते तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा असतो, हाक मारायला वेळच उरत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, म्हणून मदतीसाठी हात हलवणेही जमत नाही. शरीर उभे, डोके मागे, तोंड उघडे. हे सगळे २० ते ६० सेकंद चालते. काठावरून पाहणाऱ्याला वाटते, मूल खेळते आहे. लहान मुलाला तर एवढाही वेळ मिळत नाही. चित्रपटातल्या 'वाचवा, वाचवा'ने या बाबतीत लोकांचे फार नुकसान केले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. याच भाटघरच्या पाण्यात मे २०२२ मध्ये एकाच दिवशी पाच तरुण स्त्रिया गेल्या. एका वेळी अनेक जण बुडतात, त्यामागे पुष्कळदा माया असते. एक घसरला की दुसरा हात द्यायला जातो, त्याला तिसरा. बुडणारा माणूस हाताला लागेल त्यावर चढतो आणि वाचवणाऱ्याला खाली दाबतो. पट्टीचा पोहणाराही यातून सुटेलच असे नाही.

म्हणून आधी काहीतरी फेकायचे. पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकण लावलेला कॅन पाण्यात जवळजवळ पाच किलोचा भार तोलतो आणि तोंड पाण्याबाहेर ठेवायला बऱ्याचदा तेवढा आधार पुरतो. त्याला दोरी बांधून तो काठावर ठेवला तर उत्तम. दोरी नसेल तर ओढणी, साडी, लांब काठी चालते. मात्र ती धरणाऱ्याने काठावर आडवे पडून धरायची, नाहीतर तोही ओढला जातो. मुलांच्या हवेच्या ट्यूबवर मात्र भिस्त ठेवू नये. वारा सुटला की ट्यूब मुलासकट आत जाते.

जेवल्यावर पोहू नये, असे प्रत्येक आजी सांगते. भरल्या पोटामुळे माणसे बुडतात याला फारसा पुरावा नाही. दारूबद्दल मात्र पुरावा भरपूर आहे, आणि नेमकी तिच्याबद्दल सहलीत कोणी कोणाला टोकत नाही. राखण करणारा एक मोठा माणूस ठरवावा. त्याने मोबाइल खिशात ठेवावा, अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी. 'सगळेच बघताहेत' याचा अर्थ बहुतेक वेळा कोणीच बघत नाही असा निघतो. लहान मूल पाण्यात असेल तर राखणदार हाताच्या अंतरावर हवा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार अजून होतात. फुप्फुसात गेलेले पाणी सहसा थोडेच असते आणि पोट दाबल्याने ते निघत नाही. पोटातले अन्न मात्र वर येऊन श्वासनलिकेत जाते. खरी गरज प्राणवायूची असते, कारण तो न मिळाल्यास चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल तर त्याला पाठीवर निजवून डोके मागे करावे, हनुवटी वर उचलावी, नाक बंद करून तोंडाने सावकाश श्वास द्यावा. सुरुवातीला दोन ते पाच श्वास, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब, पुन्हा दोन श्वास. मोठ्या माणसाची छाती प्रत्येक दाबाला सुमारे पाच सेंटिमीटर खाली जायला हवी. मदत येईपर्यंत हे थांबवायचे नाही. शुद्धीवर येऊन बोलू लागलेल्यालाही रुग्णालयात न्यावेच लागते. काही तासांनंतर श्वासाचा त्रास उफाळू शकतो.

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. पण डोंगरांच्या कुशीत काही ठिकाणी रेंज मिळत नाही, आणि मिळाली तरी 'धरणाच्या काठावर' एवढ्या पत्त्यावर गाडी येऊ शकत नाही. तंबूत सामान टाकले की गावाचे आणि वाडीचे नाव, जवळची शाळा किंवा देऊळ तिथल्या माणसाला विचारून घ्यावे, आणि फोन कुठे उभे राहिल्यावर लागतो तेही. ज्याच्या रानात तंबू लागतो, त्याला हे माहीत असते. तळ कुठे अचानक खोल जातो, हेही बहुतेक वेळा त्यालाच माहीत असते.